प्रोग्रॅमिंग शिकूं लागणाऱ्यानें साधन कोणतें घ्यावें ?

गेल्या वर्षीं जून महिन्यांत, शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले असतील नसतील, कुंडलिकेच्या वरल्या अंगाच्या एका गांवचे गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा आमच्याच शाळेंत नववींत शिकणारा. छत्री दाराबाहेर ठेवून गृहस्थांनीं खिशांतून घडी केलेला एक कागद काढला व तो टेबलावर उलगडला. तें एका दुकानदारानें दिलेलें दरपत्रक होतें. त्यावर नव्या संगणकाची जी किंमत लिहिली होती, ती त्यांच्या वर्षाच्या भाताच्या उत्पन्नाहून फारशी कमी नव्हती. "सर," ते म्हणाले, "पोराला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. घरातल्या जुन्या संगणकावर होत नाही म्हणतो. सोसायटीचं कर्ज काढीन म्हणतो मी. घेऊ ना ?"

आम्हीं मुलास विचारलें, "जुन्या संगणकावर नक्की काय झालें ?" त्यानें सांगितलें तें असें. शहरांत नोकरी करणाऱ्या कोणा आप्तानें त्यास एका मोठ्या साधनाचें नांव सांगितलें होतें; मोठमोठ्या कचेऱ्यांतून तेंच वापरतात असें आश्वासनहि दिलें होतें. तें उतरवून घेण्यांत घरच्या मोबाइलवरील दोन दिवसांचा डेटा संपला. तें संगणकावर बसविण्यांत एक संध्याकाळ गेली. मग तें उघडावें म्हटलें तर आई चुलीवरची भाकरी उतरवीपर्यंत पडद्यावर नुसतें चक्र फिरत राही. अखेर खिडकी उघडली, तों तिनें पांच-सहा प्रश्न विचारले, त्यांपैकीं एकाचाहि अर्थ त्यास कळला नाहीं. कसेंबसें त्यानें एक वाक्य लिहिलें, कळ दाबली, आणि पडदा तांबड्या अक्षरांनीं भरून गेला. हें सर्व सांगून झाल्यावर मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "माझं डोकं तसलं नाही, सर."

त्या शेवटच्या वाक्यामुळें हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें. असें म्हणणारीं मुलें आम्हांस दरवर्षीं भेटतात, आणि बहुतेक वेळां दोष त्यांच्या डोक्याचा नसून हातीं दिलेल्या साधनाचा असतो.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें म्हणजे त्यास क्रमवार आज्ञा लिहून द्यावयाच्या. आज्ञांच्या या मालिकेस आज्ञावली अथवा प्रोग्रॅम म्हणतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु या आज्ञा लिहावयाच्या कोठें ? त्या यंत्रास समजेल अशा रूपांत आणून चालवावयाच्या कोणीं ? आणि चूक झाली तर ती दाखवावयाची कोणीं ? हीं तिन्ही कामें करणारें एक साधन संगणकावर आधीं बसवावें लागतें. या साधनाच्या निवडीचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. पाटी तेलकट आहे कीं काय हें न पाहतांच मुलास मठ्ठ ठरवावें, तसा हा प्रकार होय.

मोठीं साधनें वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें व्हिज्युअल स्टुडिओ घ्या. त्या कंपनीच्याच सांगण्याप्रमाणें त्याच्या नेहमींच्या मांडणीस २० ते ५० गिगाबाइट जागा लागते. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनास निदान ८ गिगाबाइट रॅम हवी असते. शेंकडों माणसें मिळून जेथें एकच प्रचंड आज्ञावली वर्षानुवर्षें लिहीत असतात, तेथें हा पसारा उपयोगाचा आहे. पण पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत नव्या मुलास पहिल्या दिवशीं रंगाचा फवारा देऊन मोठ्या मूर्तीपुढें कोणी उभें करीत नाहीं. तो आधीं माती मळतो, बोटांनीं एखादा लहानसा उंदीर करतो, तो बिघडला तर पुन्हां मळून नवा करतो. बिघडविणें स्वस्त असलें म्हणजे शिकणें लवकर होतें. आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. लिहिणें, चालवून पाहणें, चुकणें आणि दुरुस्त करणें हा फेरा जितका आंखूड, तितका विद्यार्थ्याचा हात लवकर बसतो. एका फेऱ्यास पांच सेकंद लागले, तर एका तासांत तो शंभर वेळां चुकून पाहूं शकेल. पांच मिनिटें लागलीं, तर दहा-बारा वेळां. आणि तितका धीर कोणत्या मुलास असतो?

ही गोष्ट आज नव्यानें सुचलेली नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक नांवाचा संगणक बांधण्यांत आला व तो १९६० सालीं कामास लागला. त्याच्या स्मृतींत केवळ २०४८ शब्द मावत. येथें शब्द म्हणजे यंत्राच्या हिशेबाचें एक घर, हें लक्षांत ठेवावें. कागदी फितीवर भोंकें पाडून त्यास आज्ञा देत, आणि तेवढ्यावर आपल्या देशांतील शास्त्रज्ञांनीं गंभीर गणितें सोडविलीं. पुढें १९६४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या दोन गणिताच्या अध्यापकांनीं बेसिक ही भाषा प्रथम चालवून दाखविली. साहित्य, इतिहास इत्यादि विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यासहि संगणक वापरतां यावा, हा त्यांचा हेतु होता. विद्यार्थ्यानें ओळ लिहावी आणि उत्तर बसल्या जागीं पाहावें, इतकें तें सोपें करण्यावर त्यांचा भर होता. आमच्या देशांत १९८४ सालीं शाळांमधून संगणक-साक्षरतेची जी 'क्लास' योजना निघाली, तिच्यांत इंग्लंडांतील बी.बी.सी. मायक्रो हीं यंत्रें आणलीं होतीं. त्यांची स्मृति अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोहि तींत मावणार नाहीं. परंतु बटण दाबलें कीं क्षणांत बेसिक भाषा समोर हजर ! कांहीं बसवावयाचें नाहीं, कांहीं निवडावयाचें नाहीं, कीं कोणा मोठ्या माणसास विचारावयाचें नाहीं. त्या यंत्राचा हा गुण पुढच्या पुष्कळ महागड्या यंत्रांनीं घालविला, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याहून जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर तें आमच्या रायगड जिल्ह्यांतच आहे. २००७ सालीं 'एक मूल, एक लॅपटॉप' या अमेरिकेंतून निघालेल्या उपक्रमाची आपल्या देशांतील पहिल्यापैकीं एक चांचणी खैरात या खेड्यांतील लहानशा प्राथमिक शाळेंत झाली. तेथील मुलांच्या हातीं हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक देण्यांत आले. त्या संगणकाची रॅम २५६ मेगाबाइट, आणि सांठवणीची जागा एक गिगाबाइट. आजचा कोणताहि दुकानदार असलें यंत्र पाहून हंसेल. तरी पण त्याच्यासाठीं कासवाची चित्रकला शिकविणारें एक साधन तयार केलेलें होतें. 'पुढें जा, उजवीकडे वळ' अशा आज्ञांचे तुकडे जोडावे आणि पडद्यावरील कासवानें मागें रेघ ओढीत चालावें, अशी त्याची रीत. शिवाय पिप्पी नांवाचें एक लहान साधन होतें, त्यांत पायथन या भाषेंत आज्ञावली लिहून तेथल्या तेथें चालवितां येत असे. सांगावयाचें इतकेंच कीं, त्या दरपत्रकाबरोबर आलेल्या गृहस्थांच्या घरचा जुना संगणक दोन गिगाबाइट रॅमचा होता, म्हणजे खैरातच्या त्या यंत्राच्या आठपट !

आतां पायथनविषयीं. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ही भाषा निर्माण करून १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. तिचीं वाक्यें थोडकीं व वाचनीय असतात, ती विनामूल्य मिळते, आणि शाळेपासून संशोधनशाळेपर्यंत सर्वत्र चालते. म्हणून नवशिक्यास आम्ही हीच भाषा सुचवितों. ती बसविली कीं विंडोजवर तिच्याबरोबर आयडल नांवाचें छोटें साधन आपोआप येतें. एक खिडकी लिहिण्याची, एक उत्तर दाखविण्याची, याखेरीज त्यांत फारसें कांहीं नाहीं. आणि हाच त्याचा मोठेपणा होय.

तथापि अगदीं पहिल्या वर्षासाठीं आम्हांस अधिक आवडलें तें थॉनी. एस्टोनिया या बाल्टिक समुद्राकांठच्या चिमुकल्या देशांत टार्टू विश्वविद्यालय आहे. तेथें हें साधन नवशिक्यांसाठींच म्हणून तयार झालें. पायथन त्याच्या पोटांतच असतें, त्यामुळें दोन वस्तू बसविण्याचा घोळ नाहीं. उतरवून घ्यावयाचा त्याचा आकार थोड्या मेगाबाइटांचाच आहे. शाळेच्या पेनड्राइव्हवरून घेतला तर डेटाचा प्रश्नच उरत नाहीं. मात्र त्याचा खरा गुण कळण्यास आमच्या वर्गांत घडलेली एक हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या शाळेंत पर्जन्यमापक आहे व दररोजचा पाऊस मुलें एका वहींत मांडतात. रोह्याचा पाऊस म्हणजे काय हें वाचकांस सांगणें नको. एके दिवशीं आम्हीं मुलांस सांगितलें कीं, दोन दिवसांचा पाऊस विचारून त्याची बेरीज सांगणारी आज्ञावली लिहा. एका मुलीनें चार ओळी लिहिल्या, चालविल्या, पहिल्या दिवसाचे १२ मिलिमीटर व दुसऱ्या दिवसाचे ३० असे आंकडे दिले, आणि यंत्रानें उत्तर दिलें १२३० ! वर्गांत हंशा पिकला. "सर, एवढ्या पावसात शाळा वाहून जाईल," असें मागल्या बांकावरून कोणी म्हणालें. मुलगी रडकुंडीस आली. तिच्या ओळींत तर एकहि चूक दिसत नव्हती.

थॉनीमध्यें आज्ञावलीच्या बाजूस एक तक्ता उघडतां येतो. ज्या ज्या नांवाखालीं आपण कांहीं सांठविलें असेल, तें नांव व त्यांतील वस्तू त्या तक्त्यांत दिसतात. शिवाय आज्ञावली धांवत न सोडतां एकेक पाऊल चालवितां येते. आम्हीं तिला तसें करावयास सांगितलें. पहिलें पाऊल टाकतांच तक्त्यांत १२ हा आंकडा उमटला, पण त्याच्या दोन्ही अंगांस अवतरणचिन्हें होतीं. मुलगी क्षणभर पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "सर, ह्याला हा आकडा वाटतच नाहीये, अक्षरं वाटतायत !" अगदीं बरोबर. पायथन भाषेंत माणसानें टंकलेली गोष्ट आधीं अक्षरें म्हणून येते. तिची संख्या करावयास वेगळें सांगावें लागतें. तसें न सांगितल्यास 'राम' आणि 'राव' जोडून 'रामराव' व्हावें, तसें १२ आणि ३० जोडून १२३० होतात. हें आम्ही फळ्यावर पांच वेळां सांगितलें असतें तरी इतकें ठसलें नसतें. तिनें एक शब्द वाढविला व उत्तर ४२ आलें.

जातां जातां आणखी एक. पायथनच्या तिसऱ्या पिढीपासून सांठवणीच्या घरांस मराठी नांवें देतां येतात. 'पाऊस' असें नांव देवनागरींत लिहिलें तरी यंत्र तें निमूटपणें स्वीकारतें. मूळ आज्ञांचे शब्द मात्र रोमन लिपींतच लिहावे लागतात, आणि आज्ञावलींतले आंकडेहि इंग्रजीच हवेत. पण वापरणाऱ्यानें १२ हा आंकडा देवनागरींत टंकला, तर त्याची संख्या करून घेण्यास भाषेस अडचण पडत नाहीं. आमच्या मुलांस हें कळलें त्या दिवशीं त्यांस झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

चुकीच्या सूचना इंग्रजींत येतात ही अडचण खरी आहे. २०२१ मध्यें आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून त्या पुष्कळ सुबोध झाल्या. उघडलेला कंस मिटवावयाचा राहिला तर तसें स्वच्छ सांगितलें जातें. आम्हीं वर्गाच्या भिंतीवर नेहमींच्या चुका व त्यांचे मराठी अर्थ लिहून लाविले आहेत. 'नेम एरर' म्हणजे हें नांव मला पूर्वीं सांगितलेलें नाहीं. 'इंडेंटेशन एरर' म्हणजे ओळीच्या आरंभींची मोकळी जागा चुकली. 'टाइप एरर' म्हणजे अक्षरें आणि आंकडे यांची गल्लत. घरींहि असा कागद करण्यास खर्च नाहीं.

हलकें साधन घ्यावें याचा अर्थ कोणतेंहि जुनाट साधन घ्यावें असा मात्र नव्हे. या बाबतींत आम्ही स्वतः पोळलेलों आहों. एका महाविद्यालयांत आम्ही सी++ ही भाषा टर्बो या निळ्या पडद्याच्या साधनावर शिकलों. तें आपल्या काळीं फार उत्तम होतें. बोरलँड कंपनीच्या १९८३ च्या टर्बो पास्कलनें तर लहान, चपळ व स्वस्त साधन कसें असावें याचा धडाच घालून दिला होता. परंतु सी++ भाषेचें प्रमाण स्वरूप ठरलें १९९८ सालीं, आणि आमच्या हातीं होती ती त्यापूर्वींची आवृत्ति. शिकून बाहेर पडल्यावर दुसऱ्या ठिकाणीं आम्हीं आपली आज्ञावली मोठ्या ऐटीनें लिहिली, तों नव्या यंत्रानें तिची पहिलीच ओळ नाकारली. आमची मान खालीं गेली ती कित्येक दिवस वर आली नाहीं. अजूनहि कोठें कोठें मुलांस हें साधन डॉसबॉक्सच्या आधारानें चालवून शिकवितात. पालकांनीं त्याबद्दल नम्रपणें विचारणा करावी. सी++ च शिकावयाची असेल तर पवई येथील आय.आय.टी.चे प्राध्यापक अभिराम रानडे यांनीं नवशिक्यांकरितां 'सिंपल सीपीपी' नांवाची जोड तयार केली आहे. तींतहि कासव आहे, आणि भाषा आजची आहे. लिहिण्यासाठीं गीनी हें हलकें साधन तिच्या जोडीस पुरतें.

ज्या घरीं संगणकच नाहीं, तेथें काय ? अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड नांवाचें साधन मिळतें. एकदां बसविल्यावर तें इंटरनेटवांचून पायथन चालवितें. बोटांनीं कांचेवर कंस आणि अवतरणचिन्हें टंकणें कंटाळवाणें खरें, परंतु आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं पहिले तीन महिने यावरच काढले. संकेतस्थळावर जाऊन तेथेंच आज्ञावली लिहिण्याच्याहि सोयी आहेत व त्या चांगल्या आहेत. पण आषाढांत वीज गेली कीं मोबाइलचा मनोराहि मुका होतो, आणि मुलाची आज्ञावली त्या पलीकडे अडकून राहते. जें साधन आपल्या घरांत, आपल्या यंत्रावर चालेल, त्यावरच पहिला पाया घालावा.

पालकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं घरचें यंत्र एकदां नीट पाहावें. विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही आवृत्ति घ्यावी, ३.९ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहींत. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, म्हणून यंत्रच टाकून द्या असें सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु इंटरनेट न जोडतां थॉनीवर आज्ञावली लिहिण्यास त्यानें कोणती बाधा येणार? लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति बसविली तर जुनें यंत्र पुन्हां चपळ होतें. त्यासाठीं मात्र जाणकाराचें साह्य घ्यावें. खर्च करावयाचाच असेल तर चांगल्या कळफलकावर व बसण्याच्या खुर्चीवर करावा. शिकविण्यास कोणी नाहीं अशी तक्रार असेल, तर आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमाचे धडे पाहावेत. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो, पुष्कळ धडे मराठींत आहेत, आणि ते उतरवून घेऊन पाहतां येतात.

अलीकडे कांहीं साधनें आपण अर्धी ओळ लिहितों न लिहितों तोंच उरलेली स्वतः लिहून दाखवितात. मोठ्यांस त्यानें वेळ वांचत असेल. पहिल्या वर्षीं ही सोय बंद ठेवावी. उदाहरणसंग्रहाच्या शेवटचीं उत्तरें आम्ही मुलांस आधीं दाखवीत नाहीं, तेंच कारण.

मोठ्या साधनाकडे जावें कधीं ? आज्ञावली एका फाइलींत मावेनाशी झाली, दुसऱ्या कोणाबरोबर मिळून लिहावी लागूं लागली, कीं मग व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारखें साधन घ्यावें. तोंवर मुलगाच आपल्याला काय हवें तें सांगूं लागलेला असतो.

त्या दिवशीं आम्हीं दरपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूस थॉनीचें नांव लिहून कागद गृहस्थांस परत दिला आणि पेनड्राइव्ह मुलाच्या हातीं ठेवला. कर्ज काढलें गेलें नाहीं. मुलगा प्रथम कासवाकडून चौकोन, मग चांदणी काढीत बसे. गणपतीच्या सुटीनंतर त्यानें पावसाच्या वहीची बेरीज करणारी आज्ञावली आणली. जुलैच्या एकतीस दिवसांची तिची बेरीज वहींतल्या आमच्या बेरजेशीं जुळेना. आम्हीं म्हटलें, "कोठें तरी अक्षरें आणि आंकडे यांची गल्लत केली असशील, पाहा." तो म्हणाला, "तीनदा पाहिलं, सर. तुम्हीच एकदा करून बघा ना." आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन पुन्हां बेरीज केली. एक हातचा आमच्याकडूनच राहून गेला होता. वहींतील आमचा आंकडा खोडून तेथें त्याचा लिहिला, व खालीं त्याचीच सही घेतली.